न्यूयॉर्कची हाय लाइन : गाईड न घेता दोघांनीच फिरायची असेल तर

मुलगा-सून जर्सीला, आपण दोन-तीन महिने राहायला निघालेलो, आणि सोमवार ते शुक्रवार ती दोघंही कामावर. आमच्या ठाण्याच्या ऑफिसातून तिकीट काढणाऱ्या बऱ्याच मंडळींची हीच गोष्ट असते. व्हिसाची कागदपत्रं आवरली की प्रश्न येतोच : "आम्ही दोघंच कुठे जाऊन येऊ शकतो का हो?" जाऊ शकता. पहिल्यांदा हाय लाइनला, म्हणजे मॅनहॅटनमधल्या जुन्या उंच रेल्वेमार्गावर केलेल्या बागेत जा. तिथे प्रवेश फुकट आहे आणि गाईडची गरज नाही, त्यामुळे यात आम्हाला विकण्यासारखं काहीच नाही. हा कागद मात्र पर्समध्ये ठेवा.

ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरच्या बस काढून टाकल्या, तिथे गवत आणि फुलझाडं लावली आणि ती जागा फक्त चालणाऱ्यांना दिली, तर जे होईल तसं काहीसं हे आहे. मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूला मालगाड्या पूर्वी टेन्थ अव्हेन्यूवर रस्त्यातूनच धावत. माणसं इतकी मरत की लोक त्याला 'डेथ अव्हेन्यू' म्हणू लागले. गाडीपुढे घोड्यावर बसून लाल बावटा दाखवणारे स्वारही नेमले होते. शेवटी १९३४ मध्ये गाड्या वर नेल्या, रस्त्यापासून सुमारे ९ मीटर उंच. शेवटची गाडी १९८० मध्ये गेली, गोठवलेल्या टर्की घेऊन. मग वीसेक वर्षं तिकडे फारसं कोणी फिरकलं नाही आणि रुळांवर वाऱ्याने आलेल्या बियांचं रान माजलं. पाडायचं घाटत असताना १९९९ मध्ये जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड यांनी ते वाचवण्यासाठी संस्था काढली. बागेचा पहिला टप्पा २००९ मध्ये उघडला, पुढचे २०११ आणि २०१४ मध्ये. लागवड डच बागकार पीट आउडॉल्फ यांची. त्यांनी त्या आपोआप उगवलेल्या रानाचाच धागा धरला, म्हणून ही बाग आपल्याकडच्या महापालिकेच्या उद्यानासारखी कातरलेली दिसत नाही. जुने रूळ जागोजागी ठेवलेत. आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये ज्या गावात येऊन थांबली, त्या गावच्या माणसांनी ते वाकून बघावेत.

कुठून सुरू करायचं

एकूण चाल सुमारे २.३ किलोमीटर. उत्तरेचं टोक ३४व्या स्ट्रीटवर, दक्षिणेचं गॅन्सव्होर्ट स्ट्रीटवर. बरेच जण दक्षिणेकडून चढतात. आमच्यापैकी एकजण पहिल्यांदा तसाच गेला. उत्तरेच्या टोकाला पोचला तेव्हा भर दुपार, डोक्यावर सावली नाही आणि जवळची पाण्याची बाटली रिकामी. तेव्हापासून आम्ही सगळ्यांना उलटं सांगतो : ३४ला सुरू करा, गॅन्सव्होर्टला संपवा.

याला आणखी एक कारण आहे, गुडघे. ३४व्या स्ट्रीटला जिना नाही, चढत जाणारा उतार आहे, व्हीलचेअरही जाते. मधल्या बऱ्याच वाटा जिन्याच्या आहेत. लिफ्ट ३०, २३, १४ आणि गॅन्सव्होर्टला मिळेल, पण लिफ्ट म्हटलं की ती कधीतरी बंद असणारच, तेवढी तयारी ठेवा.

वाट चुकण्याची भीती मनातून काढा. मॅनहॅटनमधले स्ट्रीट आडवे आणि नंबरवार आहेत, दोन नंबरांत अंतर जेमतेम ८० मीटर. ३४, ३३, ३२ असे आकडे उतरत गेले की तुम्ही बरोबर चाललात. मोबाइलचा नकाशा लागत नाही. चुकामूक झालीच तर "२३च्या लिफ्टपाशी थांब" एवढं सांगून भागतं.

३४ ते ३० हा पट्टा उघडा आहे. एका बाजूला हडसन नदी, दुसऱ्या बाजूला खाली यार्डात ओळीने उभ्या लोकल. कळवा कारशेड वरून बघितल्यासारखं वाटेल. ऊन चढण्याआधी इथून पुढे सरका.

पुढे वाट अरुंद होते आणि झाडी अंगावर येते. इथे पायाखाली बघा. काँक्रीटच्या लांब फळ्या कडेला निमुळत्या होत जातात, फणीच्या दातांसारख्या, आणि त्या दातांमधून गवत वर आलेलं असतं. बाग कुठे संपली आणि वाट कुठे सुरू झाली ते नेमकं सांगता येत नाही. फुलं तोडायची नाहीत, मातीत पाय ठेवायचा नाही. सायकल आणि कुत्रा दोन्हीला बंदी आहे, नातवाला तसं आधी सांगा. तो स्केटबोर्ड घेऊन यायला निघेल, तर तोही चालत नाही.

१७व्या स्ट्रीटला मात्र घाई करू नका. तिथे लाकडी पायऱ्या थिएटरसारख्या खाली उतरतात आणि समोर पडद्याऐवजी काच आहे. काचेपलीकडे टेन्थ अव्हेन्यू, पायाखालून पिवळ्या टॅक्सी निघून जातात. एकेकाळी घोडेस्वार लाल बावटा घेऊन फिरत तो हाच रस्ता. डबा इथे उघडा. आमच्याकडच्या एका काकूंनी तिखटमिठाच्या पुऱ्या इथेच खाल्ल्या आणि घरी आल्यावर मुलाला स्टॅच्यू ऑफ लिबर्टीपेक्षा याच जागेचं जास्त सांगितलं.

स्वच्छतागृहं ३०, १६ आणि गॅन्सव्होर्टला आहेत. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे तीन आकडे पाठच करावेत. १६च्या खाली चेल्सी मार्केट आहे, पूर्वीचा बिस्किटांचा कारखाना. ओरिओ बिस्किट पहिल्यांदा तिथेच बनलं. खायला भरपूर मिळतं, पण शाकाहारी असाल तर प्रत्येक पदार्थाबद्दल विचारून घ्या.

कधी जायचं

सकाळी सातला उघडतं. बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, हिवाळ्यात लवकर. आमचं मत : मंगळवार-बुधवार, सकाळी नऊच्या सुमारास. शनिवारी-रविवारी दुपारी आपण फिरत नाही, गर्दी आपल्याला फिरवते. मे ते ऑक्टोबर उत्तम. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी फुलांची आशा ठेवू नये. वाळलेली झुडपं थंडीभर मुद्दाम उभी ठेवतात आणि त्याच सुमारास कापतात.

पोचायचं कसं

७ नंबरच्या सबवेने (भुयारी रेल्वेने) '३४ स्ट्रीट–हडसन यार्ड्स'ला उतरलात की उतार अगदी जवळ. जर्सी सिटीकडून पाथने (जर्सी ते मॅनहॅटन धावणाऱ्या लोकलने) येणाऱ्यांनी ३३व्या स्ट्रीटला उतरून ३४वरची एम ३४ बस पश्चिमेकडे पकडावी. चालत निघालात तर बागेत शिरण्याआधीच दमाल. एडिसनकडून येणाऱ्यांची गाडी पेन स्टेशनला येते. तिथून मोयनिहान हॉलमधून नाइन्थ अव्हेन्यूला बाहेर पडलं की २०२३ मध्ये झालेल्या लाकडी पुलाने थेट ३०ला येता येतं. नदीकाठचा पट्टा चुकतो, पण पायपीट वाचते.

सबवेच्या फाटकावर कार्ड नुसतं टेकवायचं असतं. आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि टॅप हे दोन्ही बहुधा बंद असतं, ते निघण्याआधी ॲपमधून चालू करा. जमलं नाही तर कार्ड आणि मोबाइल घेऊन ऑफिसात या, पाच मिनिटांचं काम आहे.

परतीला गॅन्सव्होर्टहून १४व्या स्ट्रीटवर या. तिथे एट्थ अव्हेन्यूला सबवे आणि सिक्स्थ अव्हेन्यूला पाथ. चारच्या आत गाडीत बसलात तर बसायला जागा मिळेल.