सवय वेगळी, सराव वेगळा

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचा सीझन लागला की चहाच्या टपरीवर हा वाद ठरलेलाच. एक जण म्हणते, "रोज रोज तेच नाटक करून कलाकाराचं डोकं सडते बे." दुसरा म्हणते, "घोटल्याशिवाय का कला येते?" दोघंही सवय आणि सराव एकाच पोत्यात कोंबून भांडतात, म्हणून भांडण काही सुटत नाही.

किरकोळ ते आधी उरकतो. ठरल्या वेळी, ठरल्या जागी कामाला बसणं म्हणजे नेम. त्यानं कोणाची प्रतिभा मेल्याचं ऐकिवात नाही. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची वेळ ठरलेली असते म्हणून माणसं जमतात. रोज घरोघर विचारत फिरलं तर चार डोकी मिळायची नाहीत. 'मूड आला की लिहितो' म्हणणाऱ्यांचा तर मला मनस्वी कंटाळा आहे. मूड पाहून धान कापायला कोणी जात नाही.

खरा घोळ पुढे आहे. सवयीत आणि सरावात तीच गोष्ट पुन्हा पुन्हा होते, त्यामुळे लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. सवयीत हात चालतो आणि लक्ष झोपी जातं. सरावात हात चालतो आणि मोकळं झालेलं लक्ष समोरच्याकडे लागतं.

नाटकातला विनोदी नट घ्या. रात्री उशिरा पडदा उघडतो, खेळ पहाटेपर्यंत चालतो, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. संवाद तेच. विनोदाची ओळ टाकली की नट हशासाठी थांबतो. सवयीचा नट रोज तेवढाच थांबतो. हशा आला नाही तरी थांबतो, मग मांडवात लोकांच्या शेंगा फोडल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. हशा लांबला तर पुढची ओळ त्यातच बुडवतो. सराव असलेला नट हशा चढू देतो आणि उतरू लागला की नेमकी ओळ टाकतो. मध्येच धानाच्या बोनसचा विषय काढतो, त्या गावच्या सरपंचाला चिमटा घेतो. हे त्याला जागेवर सुचतं, कारण पुढचा संवाद आठवण्यात त्याचं डोकं अडकलेलं नसतं. पाठांतरानंच सुचायला जागा करून दिलेली असते.

झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून टपरीवर त्यांचे 5,000 हून अधिक प्रयोग पुरावा म्हणून काढले जातात: बघा, किती घोटलं! पण त्याच हिशेबातल्या 800 भूमिका लोक सोयीनं गाळतात. भागाकार केला तर एका भूमिकेच्या वाट्याला सरासरी सहा-सात प्रयोग येतात. याला एकच गोष्ट दळत बसणं म्हणायचं कसं?

आता ओळखायचं कसं? खंजिरीवर भजन म्हणणाऱ्या पोराला सांगा, तिसऱ्या कडव्यापासून सुरू कर. नुसती सवय असेल तर तो मनातल्या मनात धृपदापासून धावत येईल, तेव्हा कुठं त्याला तिसरं कडवं सापडेल. मग लय निम्मी करायला सांगा. जलद लयीत झाकलं गेलेलं सगळं उघडं पडतं: श्वास शब्दाच्या मध्येच तुटतो, हात गळ्याच्या पुढं पळतो. असं पोरगं रोज दोन तास बसलं तर ती चूकच पक्की होते, आणि घरचे म्हणतात, रोजच्या घोटण्यानं पोराची कला गेली.

त्याला दोन तास बसवूच नका. वीस मिनिटं पुरे. एकच कडवं, निम्म्या लयीत, आणि चुकलं की चुकल्या जागेपासून पुन्हा. चुकलं की पहिल्यापासून सुरू करायची खोड तर आधी मोडा. तिच्यामुळं पहिलं कडवं शंभरदा होतं आणि शेवटचं कच्चं ते कच्चंच राहतं.