डावा डोळा लवतोय? मग मागचं थोडं वाचा

डोळा लवला की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच, डावा का उजवा? बाईचा डावा शुभ, पुरुषाचा उजवा, हे घरोघरी पाठ. आजीने मनाने काढलेलं नाहीये हे, वाल्मीकी रामायणात राम-सुग्रीवाची मैत्री जमते तेव्हा सीता, वाली आणि रावण तिघांचेही डावे डोळे एकाच वेळी लवतात, म्हणजे शकुन तोच पण सीतेला चांगला आणि त्या दोघांना वाईट, काय हिशोब आहे बघा. कालिदासाची शकुंतला दुष्यंतापुढे जाते तेव्हा तिचा उजवा लवतो, पुढचं माहितीच आहे. चीनमध्ये म्हणतात डावा लवला तर पैसा, उजवा लवला तर संकट, म्हणजे आपल्याकडच्या बाप्यांच्या बरोबर उलटं.

डॉक्टर याला मायोकिमिया म्हणतात. पापणी मिटणाऱ्या गोल स्नायूचे थोडे तंतू आपले आपण थरथरतात, बहुतेकदा खालच्या पापणीत. अपुरी झोप, टेन्शन, चहा-कॉफीचा मारा, कोरडे डोळे, तासन्तास स्क्रीन ही नेहमीची कारणं, आणि जातं पण आपोआप. सोबत गाल-ओठही ओढले जात असतील तर मात्र दाखवून घ्या, तिथे चेहऱ्याच्या नसेवर रक्तवाहिनी दाबत असू शकते.

खरी भानगड ब्लेफॅरोस्पाझमची. दोन्ही डोळे इतके घट्ट मिटतात की माणूस धडधाकट नजर असून आंधळ्यासारखा होतो. १९१० मध्ये पॅरिसचे मेंदूचे डॉक्टर आंरी मेज यांनी चेहऱ्याच्या अशा आचक्यांचं वर्णन करून ठेवलं होतं, तरी पुढे कित्येक वर्षं अशा पेशंटना 'मनाचे खेळ' म्हणून मानसोपचारवाल्यांकडे धाडायचे, ते शकुनापेक्षा वाईट म्हणायचं. १९७६ मध्ये लंडनचे मेंदूचे डॉक्टर डेव्हिड मार्सडेन यांनी ठामपणे मांडलं की हा मेंदूतून येणारा डिस्टोनिया आहे, म्हणजे स्नायू आपल्या ताब्याबाहेर आवळले जाण्याचा आजार.

औषध आलं ते विषातून. खराब सॉसेज खाऊन माणसं मरायची ते स्नायू लुळे पाडणारं बॉट्युलिनम विष, म्हणजे आजचं बोटॉक्स, सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर अॅलन स्कॉट ते अगदी कणभर टोचून तिरळेपणा सुधारायला बघत होते. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि ब्लेफॅरोस्पाझमसाठी त्याला परवानगी मिळाली. त्याआधीच व्हँकुव्हरमध्ये डोळ्यांच्या डॉक्टर जीन करुथर्स यांची एक ब्लेफॅरोस्पाझमची पेशंट तक्रार करत होती की या वेळी कपाळावर का नाही टोचलं, तिथे टोचलं की आठ्या जातात ना! जीनबाईंचा नवरा स्किनचा डॉक्टर, मग काय. आठ्यांसाठीची परवानगी मात्र २००२ ला आली, पापण्यांच्या तेरा वर्षं मागून.