नागपुरात कुत्रा पाळताय? फिरायला नेण्याआधी परवाना काढा

पहाटे फुटाळ्याला किंवा सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली कुत्रा घेऊन आलेल्या नव्या माणसाशी ओळख झाली, की मी विचारतेच, "परवाना काढला का?" उत्तर बहुतेक वेळा येतं, "लस दिली आहे ना!" लस पशुवैद्य देतात, परवाना महानगरपालिका देते. लसीची नोंद दाखवली तरी परवान्याची गरज संपत नाही.

पाळीव कुत्र्याचं लसीकरण, नसबंदी आणि परवाना ही मालकाची जबाबदारी असल्याचं २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मधलं कलम ११ तर मला फार मोलाचं वाटतं. नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा त्यात गुन्हा मानला आहे. महालापासून मनीषनगरापर्यंत किती गॅलऱ्यांत दिवसभर बांधलेली कुत्री दिसतात! त्यांच्या मालकांनी हे कलम एकदा वाचावं.

कुत्रा कोणत्या जातीचा, हा प्रश्न इथे येत नाही. गल्लीतून उचलून आणलेलं गावठी पिल्लू घरात राहायला लागलं की ते पाळीव झालं, त्याचाही परवाना काढायचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मोकाट कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांना दत्तक घेऊन मनपाकडे नोंदवावं, असा आदेश दिला होता. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. खाऊ घालणाऱ्याने दत्तक घेतलंच पाहिजे, असं आजही कुणी सांगत असेल तर ही स्थगिती लक्षात ठेवा.

अर्ज घरातल्या सज्ञान व्यक्तीच्या नावाने करा. चौकशीची सुरुवात आपल्या झोन कार्यालयातून करावी. मनपाचे दहा झोन आहेत, आपला कोणता ते मालमत्ता कराच्या पावतीवर बघा. सोबत मालकाचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचे अलीकडचे फोटो आणि लसीकरणाचं पुस्तक न्या. भाड्याने राहत असाल तर भाडेकरारही फाईलमध्ये असू द्या. पिल्लू विकत घेतलं असेल तर पावती जपून ठेवा. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीविषयीच्या नियमांनी बंदी आहे.

सगळ्यात जास्त लक्ष लसीच्या पुस्तकाकडे द्या. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, पुढे दरवर्षी बूस्टर. प्रत्येक नोंदीवर तारीख, लसीच्या बाटलीचं लेबल, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यातही लसीकरण होतं. एकदा घरी पार्सल द्यायला आलेल्या मुलाला आमच्या शेरूचं नख लागलं. जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवून त्याला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी आधी शेरूच्या लसीची तारीख विचारली. पुस्तक हातात होतं म्हणून मला लगेच सांगता आलं. तरीही अशा वेळी जखम झालेल्या माणसाला कोणती लस लागेल हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. मेयो आणि मेडिकल या सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मिळते.

अर्ज दिल्यावर तारखेसह पोच घ्या, शुल्काची पावतीही. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांची यादी आणि त्यांची मुदत कार्यालयात लावलेली असते. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. परवान्याचं नूतनीकरण बूस्टरच्या महिन्यातच उरकून टाका, म्हणजे दोन्हींपैकी काही विसरणार नाही.

वाडी, कामठी, बेसा-पिपळा इथे राहणाऱ्यांनी मनपात खेटे घालू नयेत, तिथल्या नगर परिषदेत किंवा नगर पंचायतीत जावं. छावणी (कॅन्टोन्मेंट) क्षेत्रासाठी वेगळा कायदा आहे. नोंदवलेल्या कुत्र्याच्या गळपट्ट्याला छावणी मंडळाचा धातूचा बिल्ला हवा, असा उपविधी करण्याची मुभा त्यात आहे.

परवाना मिळाला तरी रस्त्यावर दोरी सोडायची नाही. आपल्या जनावराबद्दलच्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. विष्ठा उचलायला पिशवी बरोबर ठेवा. गोरेवाड्याच्या जंगलाकडे कुत्रा नेऊ नका: तिथे बिबटे आहेत, शिवाय कुत्र्यांचा डिस्टेंपर हा संसर्गजन्य आजार वन्यप्राण्यांनाही होऊ शकतो. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीतही नको, त्या गर्दीत आणि ढोलताशांत तो बिचारा घाबरून जातो.

आणि मे महिन्यात सकाळी सातच्या आत घरी परता. निघण्याआधी हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद डांबरावर ठेवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याचे पंजेही भाजणार.