खरं-खोटं सांगणारा बॉट आणि ओळखायला शिकवणारा बॉट

पावसाळ्यात नाशिकच्या एखाद्या ग्रुपवर मेसेज पडतो: ‘गंगापूर धरणातून प्रचंड विसर्ग, रामकुंडाकडे फिरकू नका’. सोबत गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाल्याचा व्हिडिओ. तो चॅटबॉटला चिकटवून ‘खरं का?’ विचारलं आणि उत्तर आलं, की अफवा ओळखायला शिकलो असं वाटतं. प्रत्यक्षात ओळखलं बॉटने. आपण फक्त निकाल ऐकला.

त्यातही आज सकाळचा विसर्ग बॉटला ठाऊक असेलच असं नाही, आणि नसला तरी तो ठामपणे बोलू शकतो. तो आकडा जलसंपदा विभागाकडूनच घ्यावा. जुन्या, घासून गुळगुळीत झालेल्या दाव्यांवर मात्र बॉट भारी पडतो. २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २,१९० अमेरिकन सहभागी होते. कटकारस्थानाच्या ज्या कथेवर त्यांचा विश्वास होता, तिच्यावर बॉटने पुराव्यानिशी वाद घातला. विश्वास सरासरी २० टक्क्यांनी घटला आणि ही घट दोन महिन्यांनीही टिकून होती. पण इथेही पुरावे बॉटनेच आणले होते.

शिकवणं म्हणजे मेसेज येण्याआधीची तयारी. १९६०च्या दशकात विल्यम मॅग्वायर या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की फसव्या युक्तिवादाची सौम्य मात्रा आधीच मिळाली तर माणूस पुढच्या प्रचाराला सहज बळी पडत नाही, लस टोचल्यासारखं. तयारी आधीच हवी, कारण अफवा थांबत नाही. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर तशा अफवा फिरत होत्या. तिथे बॉटला विचारत कोण बसणार होतं?

बॉटला सांगायचं ते असं: ‘कांदा निर्यातीवर सरावासाठी मेसेज दे. खोटा कुठला ते सांगू नको. मी चुकलो तर कुठल्या युक्तीला भुललो ते दाखव: घाई, भीती, बिननावाचा अधिकारी की जुना फोटो.’ हे जरा कंटाळवाणं आहे, म्हणूनच फारसं कोणी करत नाही.

सरावात खरे मेसेजही मिसळायला सांगा. नुसती खोटी उदाहरणं पाहिली की सगळ्यावरच संशय येऊ लागतो. अशा प्रशिक्षणावर काही संशोधकांचा हाच आक्षेप आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी अचानक आली, तेव्हा लासलगावात तो मेसेज कुणालाही अफवाच वाटला असता. बातमी खरी होती.