जुना प्रेस कॅमेरा घेण्याआधी : स्पीड ग्राफिकची पार्श्वभूमी

आमच्या सोलापुरातल्या फोटोवाल्या मित्रमंडळीत सध्या एकच विषय चाललाय, मोठ्या फिल्मचा जुना प्रेस कॅमेरा घ्यायचा. म्हणजे जुन्या अमेरिकन पिक्चरमध्ये पत्रकारांच्या हातात असतो ना, शेजारी ताटलीएवढा चकचकीत फ्लॅश लावलेला, तोच. किंमत किती, हालत कशी यावर सगळे बोलतात, पण मला विचाराल तर आधी याचा इतिहास माहीत पाहिजे, कारण साठ वर्षं हा जवळपास एकाच नावाने बनत राहिला आणि मधल्या काळात त्यात जे बदल झाले त्यावरच आज कुठला घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे ठरतं.

स्पीड ग्राफिक आला १९१२ मध्ये, अमेरिकेतल्या रोचेस्टरला. बनवणारी फोल्मर अँड श्विंग, तेव्हा ती ईस्टमन कोडककडे होती, १९२६ ला वेगळी झाली आणि पुढे तिचंच नाव ग्राफ्लेक्स पडलं. शेवटी १९७३ ला कारखाना बंद झाला.

एवढा मोठा कॅमेरा पेपरवाल्यांना का लागायचा? ४ बाय ५ इंची निगेटिव्ह म्हणजे ३५ एमएमच्या साधारण १३ ते १५ पट जागा. फोटोग्राफर लांबून, घाईत, कसाही फोटो काढायचा आणि मग ऑफिसात त्यातला पाहिजे तेवढाच तुकडा कापून मोठा करायचे, तरी छापण्यापुरती क्लॅरिटी राहायची. शिवाय निगेटिव्ह सुटी असल्यामुळे अख्खा रोल संपायची वाट बघायची नाही, एक शीट (फिल्मचा सुटा तुकडा) काढली की डार्करूममध्ये, आणि तिथून छपाईचा ब्लॉक करायला. फिल्म ठेवायच्या एका होल्डरमध्ये दोनच शीट बसतात, त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा. न्यूयॉर्कचा वीजी रात्री गुन्ह्यांचे फोटो काढायचा, त्याने तर फोकस १० फुटांवर, लेन्सचं छिद्र एफ १६ आणि शटर १/२०० सेकंद असं पक्कंच करून टाकलं होतं, फ्लॅशबल्ब लावायचा आणि भिडायचा. २३ फेब्रुवारी १९४५ ला जो रोझेन्थालने जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकन झेंडा उभारतानाचा फोटो काढला तोही स्पीड ग्राफिकवरच, १/४०० सेकंदावर.

आणि हे फक्त अमेरिकेतलं नाही. आपल्याकडच्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला हाच कॅमेरा वापरायच्या. १९४२ ला त्या दिल्लीत ब्रिटिश माहिती खात्यात कामाला लागल्या, अंगावर साडी, सायकलवरून फिरायचं आणि सोबत हा अडीच-तीन किलोचा डबा! २०११ ला त्यांना पद्मविभूषण मिळालं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो, आज आपण ट्रायपॉड जड झाला म्हणून कुरकुरतो.

मग हा मागे का पडला, तर ३५ एमएमची फिल्म सुधारली. १९५४ ला कोडकची ट्राय-एक्स फिल्म ३५ एमएममध्ये आली, १९५९ ला निकॉन एफ हा छोटा कॅमेरा आला, आणि ३६ फोटो खिशात मावत असताना दोन-दोन शीटचे होल्डर कोण वागवणार.

आता खरेदीचं. १९४७ च्या आधीचे मॉडेल म्हणजे ॲनिव्हर्सरी आणि त्याच्याही आधीचे, त्यांचं मागचं कापडी शटर चार फटी आणि सहा ताण यांच्यावर चालतं, असे मिळून २४ स्पीड. १९४७ ला पेसमेकर मालिका आली, त्यात दोन भाऊ, स्पीड ग्राफिक आणि क्राउन ग्राफिक. क्राउनमध्ये कापडी शटर नाहीच, म्हणून तो हलका, आणि वाइड लेन्सही त्याला जास्त चांगली चालते. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मागची बॅक. १९४९ पासून ग्राफलॉक बॅक आली, तिचं ग्राउंड ग्लास (फोकस बघायची दुधी काच) काढून रोल फिल्मची बॅक लावता येते. त्याआधीच्या स्प्रिंग बॅकला फक्त शीटचे होल्डर सरकवायचे. आणि ग्राफ्लेक्स बॅक म्हणून तिसरी एक असते, तिला साधे होल्डर बसतच नाहीत, ती दिसली की स्वस्त असली तरी सोडा. तसंच सव्वातीन बाय सव्वाचार इंची साइजही घेऊ नका, त्याची फिल्म शोधत बसाल.

फ्लॅश मात्र बहुतेक वेळा कॅमेऱ्यासोबत नसतो. १९७७ च्या स्टार वॉर्समध्ये ल्यूकची लाइटसेबर (उजेडाची तलवार) ग्राफ्लेक्सच्या फ्लॅश हँडलपासून बनवली होती, त्यामुळे हँडल वेगळे काढून विकले जातात आणि कधी कधी ते कॅमेऱ्यापेक्षाही महाग पडतात. फोटो काढायला त्याची गरज नाही, त्यापायी पैसे घालवू नका.

सोलापूरकरांसाठी माझं मत क्राउनपेक्षा स्पीड ग्राफिकच्या बाजूने आहे, वजन जास्त असलं तरी. कारण मागच्या शटरमुळे शटर नसलेली कुठलीही जुनी लेन्स चालते, आणि अशा लेन्स आपल्याकडे आहेत, जुन्या स्टुडिओतल्या पितळी लेन्स, ऑफसेट प्रेसच्या प्रोसेस कॅमेऱ्याच्या लेन्स, त्या आता कुणी वापरत नाही. फक्त घेताना कापडी पडदा सगळ्या स्पीडला चालवून बघा, आणि अंधारात आत टॉर्च लावून बेलोजचे (लेन्समागच्या घडीच्या भात्याचे) कोपरे तपासा, उजेडाचा ठिपका दिसला तर किंमत कमी करायला लावा. लेन्समध्ये बुरशी आहे का तेही त्याच टॉर्चने कळतं.

फिल्म महाग आहे, इलफर्ड आणि फोमाची ४ बाय ५ शीट अजून बनते, पण सरावाला एक्स-रे फिल्म कापून वापरतात, ती लाल दिव्यात हाताळता येते म्हणून शिकायला सोपी. आपला एप्रिल-मे चाळिशीच्या वर जातो आणि डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) २० अंशाला पाहिजे, तेव्हा ट्रेखाली बर्फाचं पाणी ठेवावंच लागणार. म्हणून मी म्हणतो सुरुवात थंडीत करा, जानेवारीत गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत सातही नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात, भरपूर ऊन असतं, आणि काठ्या थांबतात त्या जागा आपल्याला पाठ आहेत, तिथे आधीच फोकस लावून उभं राहता येतं.