पेट्रोलचा काटा बिघडला: दोष मीटरचा की टाकीतल्या सेंडरचा?

जुन्या स्पोर्ट्स कारचा पेट्रोलचा काटा बिघडला की संशय दोघांवर जातो. एक डॅशबोर्डवरचं मीटर, दुसरा टाकीत बसवलेला सेंडर, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं ‘फ्लोट’ म्हणतात. पंचाईत अशी की दोघांच्या बिघाडाची लक्षणं बाहेरून सारखीच दिसतात. काटा तळाला पडून राहिला तर मीटर जळलेलं असू शकतं, सेंडर तुटलेला असू शकतो. काटा ‘फुल’वर चिकटला तरी दोघांचीही शक्यता उरतेच. मग बहुतेक जण आधी सेंडर मागवतात, कारण तो मिळायला सोपा आणि मीटर काढायचं म्हणजे डॅशखाली डोकं खुपसून तास घालवायचा. नवा सेंडर बसतो, टाकीची सील बदलून होते, हातांना पेट्रोलचा वास लागतो आणि काटा मात्र होता तिथेच.

टाकी उघडायच्या आधी आणि डॅश सोडवायच्याही आधी सेंडरची एक वायर काढून बघा. दोष कुठल्या बाजूला आहे हे ती वायर एका मिनिटात सांगते. फक्त तिचं उत्तर कसं वाचायचं ते आधी माहीत हवं, कारण प्रत्येक गाडीत ते एकाच दिशेने येत नाही.

दोघांचं काम काय

सेंडर म्हणजे बदलता रेझिस्टन्स. फ्लोट पेट्रोलवर तरंगतो, त्याची दांडी वर-खाली होते आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाचा काँटॅक्ट बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतो. मीटर त्या रेझिस्टन्समधून जाणारा करंट बघून काटा हलवतं. म्हणजे सेंडरला पेट्रोल कळतं पण दाखवता येत नाही, आणि मीटरला फक्त करंट कळतो. सेंडरने चुकीचा रेझिस्टन्स दिला तर मीटर पूर्ण निरोगी असूनही आत्मविश्वासाने चुकीचं दाखवणार.

मीटर दोन जातींची भेटतात. पहिल्या जातीत दोन कॉइल असतात आणि काटा चुंबकीय ओढीने फिरतो. इग्निशन चालू करताच तो टुणकन जागेवर येतो आणि वळणावर पेट्रोल हिंदकळलं की तोही डोलतो. दुसऱ्या जातीत दोन धातूंची जोडपट्टी असते. तिच्यावरची तार तापते, पट्टी वाकते आणि काटा सावकाश चढतो. जागेवर यायला अर्धा मिनिट लागलं तर तो दोष नाही, त्याचा स्वभाव आहे. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये सुरुवातीच्या गाड्यांत पहिली जात होती, १९६०च्या दशकाच्या मध्यावर दुसरी आली. त्यामुळे ‘माझ्या मित्राच्या एमजीबीत असं झालं होतं’ हा पुरावा धरू नका. त्याची गाडी कुठल्या सालची, हे आधी विचारा.

वायरची चाचणी आणि तिची उलटी उत्तरं

इग्निशन बंद करा. टाकीपाशी सेंडरला आलेली वायर काढा. लुकास या कंपनीच्या पद्धतीचं वायरिंग असलेल्या ब्रिटिश गाड्यांत ती हिरवी असते आणि तिच्यावर काळी रेघ असते. वायर कशालाही टेकणार नाही अशी धरून इग्निशन चालू करा आणि काटा बघा. मग इग्निशन पुन्हा बंद करून वायर चेसीसला जोडा, चालू करा, पुन्हा बघा. जोडाजोड नेहमी इग्निशन बंद असतानाच करायची. टाकीच्या तोंडापाशी ठिणगी हा विषय गमतीचा नाही.

स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या जोडपट्टीच्या मीटरमध्ये मोकळी वायर म्हणजे करंट नाही, म्हणून काटा तळाला बसतो. अर्थ केलेली, म्हणजे चेसीसला जोडलेली, वायर म्हणजे करंट पुरेपूर, म्हणून काटा ‘फुल’कडे चढतो. याच कंपनीच्या जुन्या कॉइलच्या मीटरमध्ये बरोबर उलटं होतं: मोकळ्या वायरला ‘फुल’, अर्थला ‘एम्प्टी’. शेव्हर्ले कॉर्व्हेटसारख्या जनरल मोटर्सच्या गाड्यांतही उलटंच. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून तिथला सेंडर रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम देतो. त्याच काळातल्या फोर्डमध्ये, म्हणजे मस्टँगमध्ये, रिकाम्याला सुमारे ७३ आणि भरल्याला सुमारे १० ओहम. ब्रिटिश जोडपट्टीच्या गाड्यांत रिकाम्याला साधारण २४० च्या आसपास आणि भरल्याला २० ते ३०.

या आकड्यांचा उपयोग पाठांतरासाठी नाही. तुमच्या गाडीची दिशा कुठली, एवढं ठरलं की बाकी सगळं सरळ लागतं. काटा दोन्ही वेळा अपेक्षित टोकाला गेला, तर मीटर, त्याचा पुरवठा आणि मधली वायर शाबूत आहेत, दोष टाकीकडे. काटा दोन्ही वेळा जागचा हलला नाही, तर सेंडरला हात लावू नका.

एक सावधगिरी मात्र पाळाच. जोडपट्टीच्या मीटरची वायर थेट अर्थला लावून गप्पा मारत उभं राहायचं नाही. मधे सेंडरचा रेझिस्टन्स नसल्याने आतली तार गरजेपेक्षा जास्त तापते. त्यापेक्षा २२ ओहमचा रेझिस्टर मधे टाकून अर्थ करा. काटा ‘फुल’च्या आसपास यायला हवा आणि त्याला चढायला लागणारा वेळ तुम्ही निवांत देऊ शकता. त्याच हिशोबाने ६८ ओहम लावून मधला भागही तपासता येतो, कारण काही मीटर दोन्ही टोकं नीट दाखवतात आणि मधेच गडबडतात.

सेंडर समजून जे बदललं जातं: खराब अर्थ

समजा चाचणीने टाकीकडे बोट दाखवलं. तरीही सेंडर लगेच काढू नका. सेंडरचा करंट परत जातो तो त्याच्या स्वतःच्या अंगातून टाकीला, टाकीतून चेसीसला. जुन्या गाडीत टाकी रबरी पट्ट्यांवर बसलेली, वर गंजाचा थर, त्यावर कुणीतरी हौसेने मारलेला जाड काळा रंग. हा रस्ता अडला की रेझिस्टन्समध्ये भर पडते.

मल्टिमीटर ओहमवर ठेवा, सेंडरची वायर काढलेलीच असू द्या. आधी टर्मिनल आणि सेंडरची स्वतःची पत्र्याची बैठक यांच्यात मोजा. मग एक टोक तसंच ठेवून दुसरं चेसीसच्या घासून स्वच्छ केलेल्या जागी लावा. पहिला आकडा ७० आला आणि दुसरा १५०, तर तो ८० चा फरक सेंडरचा नाही, अर्थचा आहे. सेंडरच्या बैठकीपासून चेसीसपर्यंत एक काळी वायर टाकली की काम संपलं. नवा सेंडर बसवताना जागा घासली जाते, अर्थ आपोआप सुधारतो आणि मालकाला वाटतं सेंडरच गेला होता. माझ्या मते जुने काढून टाकलेले पुष्कळ सेंडर निर्दोष असावेत.

खराब अर्थसुद्धा सगळीकडे एकसारखा दिसत नाही. ब्रिटिश जोडपट्टीच्या गाडीत वाढलेला रेझिस्टन्स काट्याला खाली ओढतो, म्हणजे टाकीत पेट्रोल असून कमी दाखवतो. कॉर्व्हेटमध्ये तोच दोष काट्याला वर ढकलतो. पहिल्यात फार तर उगाच पंपावर थांबाल. दुसऱ्यात ‘अर्धी टाकी आहे’ म्हणत रस्त्यात अडकाल.

मीटर समजून जे काढलं जातं: स्टॅबिलायझर

आता उलट बाजू. जोडपट्टीच्या मीटरला बॅटरीचे बदलते व्होल्ट चालत नाहीत, म्हणून डॅशमागे एक छोटा डबा असतो, व्होल्टेज स्टॅबिलायझर. ब्रिटिश गाड्यांत तो सरासरी १० व्होल्ट देतो, फोर्डमध्ये सरासरी ५. जुन्या डब्यात आतली पट्टी तापते-निवते तसा काँटॅक्ट उघडझाप करत असतो. डिजिटल मल्टिमीटर लावलात तर आकडा शून्य आणि बाराच्या मधे नाचताना दिसेल. ते बघून डबा फेकू नका, असंच त्याचं चालणं आहे. न नाचता सलग १२ दाखवत राहिला, तर मात्र गडबड.

ओळखायची खूण सोपी. ज्या गाडीत इंजिनच्या तापमानाचं मीटरही याच डब्यावर चालतं, तिथे दोन्ही काटे एकाच वेळी जास्त किंवा एकाच वेळी कमी दाखवायला लागले तर दोन्ही मीटरं एकदम बिघडली असं समजू नका, डबा तपासा. डब्याचा अर्थ सुटला की आतली पट्टी तापतच नाही, काँटॅक्ट जोडलेलाच राहतो, पूर्ण बॅटरी व्होल्टेज पुढे जातं आणि दोन्ही काटे वर चढतात. अशी गाडी बराच काळ चालवली तर शेवटी खरोखरच मीटर जळतं.

१० व्होल्टच्या डब्याला बदली म्हणून हल्ली ७८१० हा तीन पायांचा रेग्युलेटर डब्यात बसवतात. चांगला उपाय आहे, पण निगेटिव्ह अर्थच्या गाडीसाठी. १९६७ च्या आसपासपर्यंतच्या अनेक ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, तिथे ७९१० लागतो. बॅटरीचं कुठलं टोक चेसीसला जोडलंय ते आधी बघा.

खरंच मीटर गेलेलं असेल, तर ते ठरवायला फारसं काही लागत नाही. पुरवठा आहे, वायर अखंड आहे, चाचणीत काटा हलत नाही, आणि मीटर सोडवून त्याच्या दोन टर्मिनलमध्ये मोजलं तर ओहम अनंत. म्हणजे आतली तार तुटली. ‘चालतं का बघू’ म्हणून मीटरला थेट १२ व्होल्ट लावणं हा मात्र चालतं मीटर मारायचा खात्रीचा मार्ग.

आणि खरंच सेंडरच असेल तर

मग बॅटरी सोडा, टाकी जेवढी रिकामी करता येईल तेवढी करा आणि सेंडर कुठे आहे ते बघा. एमजीबीमध्ये तो टाकीच्या बाजूला असतो, म्हणून भरल्या टाकीत त्याला धरून ठेवणारी रिंग सोडली तर पेट्रोलची धारच लागणार. रिंग फिरवायला पितळी ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायची बोथट दांडी, घ्या, लोखंडी छिन्नी नको.

बाहेर आलेला सेंडर मल्टिमीटरला लावून दांडी अगदी हळू, तळापासून वरपर्यंत फिरवा. आकडा सलग बदलायला हवा. मधेच अनंतावर उडी मारून परत आला, तर त्या जागी तार झिजली आहे किंवा मळली आहे. वर्षभर शेडमध्ये एकाच पातळीवर उभ्या राहिलेल्या गाडीत काँटॅक्ट तेवढ्याच जागी बसून राहतो आणि सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर तिथे धरतो. काँटॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा. तार केसाएवढी बारीक असते, सँडपेपर लावला की गेली. कधी दोष पेट्रोलचाच असतो: २००४ साली अमेरिकेत फ्लोरिडा भागात गंधकयुक्त पेट्रोलमुळे सेंडरमधल्या चांदीच्या काँटॅक्टवर परिणाम होऊन पुष्कळ गाड्यांचे काटे बिघडले होते.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर पितळी डब्याला भोक पडलंय आणि तो बुडतोय. काटा मग टाकी भरली तरी खालीच राहतो, आणि मल्टिमीटरला सेंडर मात्र ठणठणीत दिसतो. आत पेट्रोल असलेल्या फ्लोटला सोल्डरिंग आयर्न लावायची कल्पना डोक्यातून काढून टाका. नवा फ्लोट घाला.

नवा सेंडर घेतलात तर बसवण्याआधी बाहेरच वायरला आणि चेसीसला जोडून काटा दोन्ही टोकांना जातो का बघा. हे टाकीपासून लांब करा. बाजारात मिळणाऱ्या बदली सेंडरच्या दांडीचं माप नेहमी बरोबर असतंच असं नाही. टाकीत बरंच पेट्रोल असताना काटा ‘एम्प्टी’ दाखवतो तो अनेकदा यामुळे. दांडी थोडी वाकवून ते जुळवता येतं. जोडपट्टीच्या मीटरच्या पाठीमागेही जुळवणीसाठी दोन छोटी छिद्रं असतात, पण त्यांना हात लावायचा तो सेंडर आणि अर्थ दोन्हींची खात्री झाल्यावर. जुळवताना मी ‘एम्प्टी’ची बाजू आधी बरोबर करतो. ‘फुल’ थोडं कमी दाखवलं तरी कुणाचं अडत नाही.