पीडब्ल्यूएम की एमपीपीटी: हॅमने कोणता कंट्रोलर घ्यावा?

सोलरवर हॅम स्टेशन, म्हणजे हौशी रेडिओ केंद्र, उभं करणारा माणूस पॅनेल आणि बॅटरी चार दुकानं फिरून घेतो. पॅनेलची वीज बॅटरीत नीट भरणारा मधला चार्ज कंट्रोलर मात्र दुकानदार हातात ठेवेल तो. पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी दिसायला सारखेच, काम मात्र अगदी वेगळं.

पीडब्ल्यूएम म्हणजे भराभर चालू-बंद होणारा स्विच. तो पॅनेल थेट बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीइतका खाली येतो. ३६ सेलचं १०० वॅटचं पॅनेल १८ व्होल्टला साधारण ५.५ अँपिअर देतं. बॅटरी १३ व्होल्टवर असेल तर पदरात पडतात जेमतेम ७२ वॅट. एमपीपीटी हा डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर. तो जादा व्होल्टेज उतरवून करंट वाढवतो आणि बॅटरीत ७ अँपिअरच्या आसपास जातात.

पण हे हिशेब पॅनेल २५ अंशांवर असतानाचे. नाशिकच्या एप्रिलात गच्चीवरचं पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं, व्होल्टेज १५ पर्यंत घसरतो आणि एमपीपीटीचा फायदा दहा टक्क्यांवर येतो. थंडीने निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत तो पुन्हा वाढतो. घरच्या छतासाठीचं ७२ सेलचं, ३७ व्होल्टचं पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीला लावणार असाल तर मात्र वादच नको. तिथे पीडब्ल्यूएम दोन तृतीयांश वीज वाया घालवतो.

आता हॅमच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. एमपीपीटीचं स्विचिंग हजारो हर्ट्झवर, कधी लाखांवर चालतं. त्याचे हार्मोनिक्स, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल, एचएफमध्ये (हॅमच्या ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) चढतात आणि पॅनेलची लांब वायर अँटेनासारखी ते पसरवते. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर शहराचा गोंगाट नसतो, म्हणून तर तिथे चढायचं. ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) दूरचं एखादं क्षीण स्टेशन कानावर येत असताना आपल्याच कंट्रोलरच्या आवाजाने ते बुडावं, याचं मला फार वाईट वाटतं. पीडब्ल्यूएम त्यामानाने सावकाश स्विच करतो, तरी बॅटरी भरत आली की त्याचीही गुरगुर ऐकू येते. म्हणून विकत घेण्याआधी, जमलं तर, रिग (रेडिओ संच) ७.१ मेगाहर्ट्झवर लावून पॅनेल काढा-जोडा आणि सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर चढतो का बघा. पॅनेलच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन आणा, कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंना वायरींवर फेराइट (गोंगाट अडवणारी चुंबकीय कडी) घाला. पॅनेलच्या वायरीत एक स्विच हवाच. नेमकं ऐकायचं असेल तेव्हा तो बंद करून नुसत्या बॅटरीवर बसता येतं.

आणखी एक. स्वस्तातल्या कित्येक डब्यांवर 'एमपीपीटी' छापलेलं असतं, आत निघतो पीडब्ल्यूएम. भर उन्हात, बॅटरी अर्धी रिकामी असताना, डीसी क्लॅम्प मीटरने दोन्हीकडचा करंट मोजा. बॅटरीकडचा पॅनेलकडच्यापेक्षा स्पष्ट जास्त असला तरच तो एमपीपीटी. दोन्ही आकडे सारखे आले तर डबा त्याच दिवशी परत करा.